हौशी सीएनसी राउटरसाठी कंट्रोल सॉफ्टवेअर निवडताना : आधी पल्स कोण देतो ते पाहा

घरातल्या एखाद्या खोलीत किंवा भाड्याच्या गाळ्यात लहान सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे-कोरणारे यंत्र, बसवायचा ठरला, की मोटारी, स्क्रू आणि रेल यांच्या निवडीवर लोक महिनोन्‌महिने घालवतात. कंट्रोल सॉफ्टवेअर मात्र विक्रेत्याने दिले ते किंवा ओळखीच्या कारागिराकडे पाहिले ते, असे घेऊन टाकतात. पुढे मशीन जॉबच्या मध्येच थांबू लागले किंवा मापे चुकू लागली, की दोष मोटारींना दिला जातो. गेली काही वर्षे मी ६० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलावर सागवान, एमडीएफ आणि अधूनमधून ॲल्युमिनियम कापतो आहे. या काळात माझे मत पक्के झाले आहे, की स्क्रीन किती देखणी आहे आणि बटणे किती आहेत हे पाहण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे : मोटारीला पल्स, म्हणजे पाऊल टाकायला लावणारा विजेचा ठोका, कोण देणार, संगणक की वेगळा बोर्ड? या उत्तरावर पुढची जवळजवळ सगळी निवड ठरते, म्हणून या लेखातल्या पायऱ्याही त्याच क्रमाने मांडल्या आहेत. लेखातील आज्ञा आणि सेटिंगचे क्रमांक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. मशीनला देताना ते इंग्रजी अक्षरांत आणि अंकांतच टंकायचे आहेत.

पहिली पायरी : तीन कामे वेगवेगळी ओळखा

नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. नक्षी किंवा भाग काढण्याचे काम कॅड सॉफ्टवेअर करते. त्या चित्रावरून कुठला बिट (कापणारे पाते), किती खोल आणि कुठल्या वाटेने फिरेल हे कॅम सॉफ्टवेअर ठरवते आणि त्याची जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची, फाइल तयार करते. ती फाइल वाचून मशीन प्रत्यक्ष हलवण्याचे काम कंट्रोल सॉफ्टवेअरचे आहे. व्हीकार्व्ह, फ्यूजन, कार्व्हेको, फ्रीकॅड ही नावे पहिल्या दोन कामांची आहेत. आपल्याकडे कोरीवकाम करणाऱ्या अनेक कारागिरांच्या तोंडी असलेले आर्टकॅम त्यांतलेच. ऑटोडेस्कने २०१८ मध्ये ते बंद केले आणि त्याचा पुढचा अवतार आता कार्व्हेको या नावाने मिळतो. यांपैकी काहीही घेतले तरी मशीन हलवायला तिसरे सॉफ्टवेअर लागतेच.

कॅम आणि कंट्रोल सॉफ्टवेअर यांच्यामधला दुवा म्हणजे पोस्ट-प्रोसेसर. एकच डिझाइन वेगवेगळ्या कंट्रोलरना समजेल अशा थोड्या वेगळ्या बोलीत लिहून देणे हे त्याचे काम. बोली चुकली तर काय होते, याचे एक उदाहरण अगदी जवळून पाहू. भोके पाडण्यासाठी कॅम सॉफ्टवेअर पुष्कळदा जी-८१ ही ड्रिलिंगची तयार आज्ञा लिहिते. लिनक्ससीएनसी आणि माक-३ या संगणकावर चालणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरना ती कळते. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरला ती येत नाही. फाइल सुरू होते, पहिल्या भोकाशी पोहोचते आणि पडद्यावर ‘एरर २०’ येते, म्हणजे ही आज्ञा माझ्याकडे नाही. टूल बदलण्याची एम-६ आज्ञा आली तरी तेच होते. अशा वेळी मशीनमध्ये बिघाड शोधू नये. कॅममध्ये जाऊन जीआरबीएलचा पोस्ट-प्रोसेसर निवडावा आणि फाइल पुन्हा काढावी. म्हणूनच कंट्रोल सॉफ्टवेअर पक्के करण्यापूर्वी आपण वापरणार असलेल्या कॅममध्ये त्याचा पोस्ट-प्रोसेसर आहे ना, एवढे आवर्जून तपासावे.

दुसरी पायरी : पल्सचे गणित समजून घ्या

स्टेपर मोटारीला प्रत्येक पल्सला एक ठरावीक पाऊल पुढे जायचे एवढेच कळते. हौशी मशीनमधल्या नेहमीच्या मोटारीला एका फेरीसाठी २०० पावले लागतात. मोटार चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटवर ८ मायक्रोस्टेप, म्हणजे एका पावलाचे आठ तुकडे, लावले की ती १,६०० होतात. बॉल स्क्रू एका फेरीत ५ मिलिमीटर पुढे नेत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात. आता मशीन मिनिटाला ५,००० मिलिमीटर वेगाने न्यायचे ठरवले, तर सेकंदाला साधारण २६,७०० पल्स द्याव्या लागतात, म्हणजे दोन पल्समधले अंतर जेमतेम ३७ मायक्रोसेकंद उरते. हे अंतर सारखे राहिले पाहिजे. एखादी पल्स उशिरा आणि पुढची घाईने आली, तर वेगात असलेली मोटार गचका खाते, पावले चुकवते आणि तिथून पुढचे सगळे काम सरकलेले येते. स्टेपर मोटारीला प्रत्यक्ष हालचाल मोजणारा एन्कोडर नसेल, तर ही चूक कुणालाच कळत नाही. सॉफ्टवेअर आपले आकडे बरोबरच दाखवत राहते.

विंडोज ही प्रणाली अशी मायक्रोसेकंदांची शिस्त पाळण्यासाठी बनवलेलीच नाही. त्यामुळे या अडचणीतून आजवर तीन वाटा निघाल्या आहेत. पहिली वाट माक-३ ची : विंडोजमध्ये खोलवर बसणारा स्वतःचा ड्रायव्हर प्रोग्राम घालून पॅरलल पोर्टमधून, म्हणजे जुन्या संगणकांवरच्या प्रिंटरच्या जोडणीतून, पल्स काढायच्या. दुसरी लिनक्ससीएनसीची : लिनक्सचा गाभाच असा बदलून घ्यायचा, की ठरलेल्या क्षणी ठरलेले काम होईल. तिसरी जीआरबीएल आणि त्याच्या भावंडांची : पल्स देण्याचे काम एका छोट्या बोर्डाकडे सोपवायचे आणि संगणकाने त्याला फक्त जी-कोडच्या ओळी पुरवायच्या.

तिसऱ्या वाटेचा मोठा फायदा नवख्या माणसाने नीट लक्षात घ्यावा. संगणक क्षणभर अडखळला, तर बोर्डाजवळच्या ओळी संपतात, मशीन हळू होऊन थांबते आणि ओळी आल्या की पुन्हा चालू लागते. पावले चुकत नाहीत. पहिल्या वाटेवर मात्र संगणकाचे अडखळणे थेट मोटारीपर्यंत पोहोचते.

या वाटेलाही मर्यादा आहे. उनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकते. वरच्या उदाहरणातल्या मशीनला त्यामुळे मिनिटाला ५,६०० मिलिमीटरपर्यंतचा वेग मिळतो, जो लाकडासाठी पुरेसा आहे. हौसेने मायक्रोस्टेप ८ चे १६ केले, तर तीच मर्यादा २,८०० वर येते आणि हाताला लागेल असा अचूकपणा काही वाढत नाही.

तिसरी पायरी : आपल्या मशीनची माहिती कागदावर लिहा

सॉफ्टवेअरची तुलना करण्याआधी अर्धा तास बसून एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात : प्रत्येक अक्षावर किती मोटारी आहेत, स्क्रू एका फेरीत किती पुढे नेतो, ड्रायव्हर कुठले आहेत, स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटारीचा) वेग हाताने बदलायचा आहे की सॉफ्टवेअरने, अक्षाचे टोक आल्याचे सांगणारे लिमिट स्विच आहेत की नाहीत, आणि मशीनशेजारी कुठला संगणक राहणार आहे. यातल्या दोन गोष्टी निर्णय फिरवतात. गँट्रीच्या, म्हणजे टेबलावरच्या आडव्या पुलाच्या, दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटार असेल, तर होमिंगच्या वेळी, म्हणजे मशीन स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखते तेव्हा, दोन्ही बाजू आपापल्या स्विचपर्यंत वेगवेगळ्या नेऊन गँट्री काटकोनात आणण्याची सोय हवी असते, आणि उनोवरच्या मूळ जीआरबीएलमध्ये ती सहजी मिळत नाही. दुसरी गोष्ट चौथ्या अक्षाची. जीआरबीएल तीन अक्षांचेच आहे. लाकडी खांब किंवा मूर्ती फिरवत कोरायची इच्छा आज ना उद्या होणार असेल, तर ती आजच कागदावर यावी.

चौथी पायरी : पर्याय पारखा

३०१८ सारखे (सुमारे ३० बाय १८ सेंटिमीटरचे) लहान मशीन असेल किंवा पहिलेच मशीन स्वतः जोडत असाल, तर माझा सल्ला जीआरबीएलचा आहे. २००९ पासून मुक्त (ओपन-सोर्स) परवान्याखाली वाढलेले हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचे सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि त्यासाठी लागणारा उनो व त्यावर बसणारी शील्ड (ड्रायव्हर जोडायचा वरचा बोर्ड) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हातोहात मिळते. बिघडले तर त्याच दिवशी दुसरे आणून बसवता येते, आणि हौशी माणसासाठी ही सोय अत्यंत मोलाची आहे.

जीआरबीएल बोर्डावर राहते. संगणकावर त्याला ओळी पाठवणारे, म्हणजे ‘सेंडर’ म्हणतात ते सॉफ्टवेअर लागते. कँडल हलके आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. युनिव्हर्सल जी-कोड सेंडर जावावर चालते, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे मिळते. कॅनडाच्या सिएन्सी लॅब्सचे जी-सेंडर नवख्यांसाठी सर्वांत समजूतदारपणे मांडलेले आहे, असे मला वाटते. सीएनसीजेएस रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवून शेजारच्या खोलीतून ब्राउझरमध्ये उघडता येते. बीसीएनसीमध्ये वाकड्या फळीची उंची ठिकठिकाणी मोजून त्याप्रमाणे कापण्याची उत्तम सोय आहे. सर्किट बोर्ड कोरणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. ही सगळी फुकट असल्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जायला काही खर्च नाही. इथे फार विचार करत बसू नये.

दोन मोटारींची गँट्री, चौथा अक्ष किंवा जास्त वेग हवा असेल, तर त्याच घराण्यातले ३२-बिट पर्याय घ्यावेत. जीआरबीएल-हाल हे टीन्सी, एसटीएम-३२ अशा अनेक बोर्डांवर चालते, आणि फ्लुइडएनसी हे ईएसपी-३२ वर. फ्लुइडएनसीमध्ये मशीनची सगळी रचना एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची असते. ती फाइल वाचून मशीन समजते आणि वाय-फायवरून बदलताही येते, म्हणून आज नवे मशीन जोडायचे झाले तर मी बहुधा तेच घेईन.

लिनक्ससीएनसी ही या सगळ्यांत सर्वांत समर्थ प्रणाली आहे. तिचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर या प्रकल्पात आहे. फुकट आहे, ड्रिलिंग सायकल, टूलची लांबी, बिटच्या जाडीची भरपाई, कितीही गुंतागुंतीची रचना, सगळे तिच्यात बसते. पण ती संगणक निवडून घेते. पेन ड्राइव्हवरून तिची प्रतिमा (इमेज) सुरू करून त्यातली लेटन्सी, म्हणजे विलंब मोजण्याची, चाचणी चालवावी, आणि ती चालू असताना खिडक्या हलवाव्यात, फायली कॉपी कराव्यात. कमाल विलंब १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला, तर तो संगणक पॅरलल पोर्टवरून छान पल्स देईल. ३० ते ५० आला तर चालेल, पण वेग मर्यादित राहील. १०० च्या वर गेला, तर त्या संगणकाकडून थेट पल्स घेण्याचा नाद सोडावा आणि मेसा कंपनीचे इथरनेट कार्ड लावावे, जे पल्स स्वतः तयार करते. संगणक चांगला की वाईट हे त्याच्या किमतीवरून कळत नाही. जुना, साधा ऑफिसचा डेस्कटॉप नव्या लॅपटॉपपेक्षा सरस ठरल्याचे मी पाहिले आहे.

माक-३ विषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण जुन्या मशीनसोबत ते अजूनही दिले जाते. त्याने एका संपूर्ण पिढीला घरच्या घरी सीएनसी शिकवले, याबद्दल आदर आहेच. पण त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही, आणि त्याचा विकासही थांबलेला आहे. स्वस्त यूएसबी बोर्डासोबत विनापरवाना प्रत येत असेल, तर ती घेऊ नये. ते गैर तर आहेच, शिवाय अडचण आली की मदत मागायला कुठलेही दार उरत नाही. विंडोजवरच राहायचे असेल आणि पैसे मोजायची तयारी असेल, तर यूसीसीएनसी आणि त्याच्यासोबतचा पल्स देणारा बोर्ड ही माक-३ वापरलेल्यांना सहज जमणारी जोडी आहे. परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.

एक पर्याय संगणकाशिवायचाही आहे. देव्हारे आणि दरवाजे कोरणाऱ्या आपल्याकडच्या गाळ्यांमध्ये रिचऑटोचा हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर सर्रास दिसतो; पेन ड्राइव्हमधून फाइल वाचतो, धुळीत टिकतो, आणि मध्ये कुठलाही लॅपटॉप नसतो. रोज तेच ते काम असेल तर तो उत्तम. शिकण्याच्या दृष्टीने मात्र पडद्यावर टूलची वाट दिसणे फार उपयोगी पडते, म्हणून पहिल्या मशीनला मी तो सुचवत नाही.

पाचवी पायरी : लाइट गेल्यावर काय होईल ते आधी ठरवा

हा भाग परक्या देशांतल्या मार्गदर्शकांत क्वचितच सापडतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत आधी लागतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत तीन तासांची एक सागवानी नेमप्लेट कोरत होतो. सव्वादोन तास झाले आणि लॅपटॉप आपोआप झोपेत गेला. बोर्डाजवळच्या ओळी संपल्या, मशीन थांबले; पण स्पिंडल मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी तिथल्या तिथे फिरत राहिला. मी आलो तेव्हा खोलीत जळक्या सागवानाचा वास भरला होता आणि ‘कुलकर्णी’मधल्या ‘ल’च्या पोटात काळा गोल पडला होता. घाईने यूएसबीची जोडणी पुन्हा केली, आणि उनोच्या स्वभावाप्रमाणे पोर्ट उघडताच तो रीसेट झाला. आपण कुठे उभे आहोत हे तो विसरला. मशीनला लिमिट स्विच नव्हते, त्यामुळे मूळ झिरो, म्हणजे मोजणी सुरू होते ती जागा, परत शोधायचा मार्गच राहिला नाही आणि फळी वाया गेली.

लाइट गेल्यावरही काम असेच अर्धवट अडकते, म्हणून लिमिट स्विच आणि होमिंग ही चैन समजू नये. होमिंग असेल, तर मशीन दरवेळी त्याच कोपऱ्यात जाऊन तिथून मोजते. कामाचा झिरो जी-५४ या नोंदीत साठवला असेल, तर तो जीआरबीएलच्या कायमच्या स्मृतीत राहतो, वीज गेली तरी पुसला जात नाही. जी-९२ या आज्ञेने घेतलेला झिरो मात्र रीसेटनंतर उरत नाही. ती सवय लावूच नये. वीज परत आली की होमिंग करावे, सेंडरमध्ये ज्या ओळीवर काम थांबले त्याच्या थोडे मागून सुरुवात करावी, आणि स्पिंडल सुरू होऊन बिट सुरक्षित उंचीवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

यातही एक खाच आहे. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि यूएसबीतून उनोलाही वीज मिळत राहते, पण मोटारींचा पुरवठा बंद झालेला असतो. उनो पल्स देत राहतो, आकडे पुढे सरकत राहतात, मशीन मात्र जागचे हललेलेच नसते. वीज परतली की ते चुकीच्या जागेवरून कापायला सुरुवात करते. त्याहून वाईट म्हणजे फक्त कंट्रोलर आणि मोटारींना यूपीएस लावणे : स्पिंडल बंद पडतो आणि मशीन न फिरणारा बिट लाकडातून ओढत नेते. यूपीएस लावायचा तर स्पिंडलसकट सगळ्याला लावावा, नाहीतर अजिबात लावू नये. आणि लाइट गेली की आधी रीसेट दाबावे.

सहावी पायरी : मशीनशिवाय चाचणी घ्या

निवड पक्की करण्याआधी सुटा उनो यूएसबीला जोडून त्यात जीआरबीएल भरावे आणि निवडलेल्या सेंडरमधून आपलीच खरी फाइल चालवून पाहावी. मोटार नसली तरी आकडे हलतात, चुकीच्या आज्ञा उघड्या पडतात. $सी ही आज्ञा दिली की फाइल फक्त तपासली जाते. लिनक्ससीएनसीमध्येही प्रत्यक्ष मशीनशिवाय चालणारी नमुना रचना असते. एक संध्याकाळ यात घालवली, तर आपल्याला कुठला पडदा हाताला बसतो ते वर्णने वाचण्यापेक्षा लवकर कळते. पहिली फाइल मशीनवर चालवताना झिरो फळीच्या २० मिलिमीटर वर घेऊन हवेतच फिरवावी. फाइल इंचात निघाली असेल, तर ते इथेच लक्षात येते.

सातवी पायरी : सेटिंग एकेक करून लावा

जीआरबीएलमध्ये $$ टंकले की सगळ्या सेटिंगची यादी समोर येते. $१००, $१०१ आणि $१०२ मध्ये प्रत्येक अक्षाच्या मिलिमीटरमागे किती पल्स ते लिहावे. स्क्रूच्या मशीनला हा आकडा वरच्या गणितानेच काढावा. १०० मिलिमीटर हलवून मोजल्यावर फरक दिसला, तर आकडा बदलण्याआधी मोटार आणि स्क्रू यांना जोडणारे कपलिंग सैल आहे का आणि नटमध्ये खेळ आहे का ते पाहावे. बेल्टच्या मशीनला मात्र मोजून दुरुस्ती करणे योग्य ठरते : जुना आकडा गुणिले सांगितलेले अंतर, भागिले मोजलेले अंतर. $११० पासून पुढे कमाल वेग आणि $१२० पासून पुढे प्रवेग असतो. मोटार अडखळेपर्यंत एकेक वाढवावा आणि अडखळली की तिथून चांगला मागे यावा, कारण कापताना लागणारा जोर रिकाम्या चालीपेक्षा जास्त असतो. $२० आणि $२२ कुठल्या क्रमाने चालू करावेत, असा प्रश्न काहींना पडतो. क्रम सोपा आहे, आधी $२२ म्हणजे होमिंग, ते नीट चालले की $१३० पासूनच्या सेटिंगमध्ये टेबलाची खरी मापे, आणि मग $२० म्हणजे सॉफ्ट लिमिट, टेबलाबाहेर जाऊ न देणारी मर्यादा. $३२ ही लेसरची सेटिंग आहे. राउटरसाठी ती शून्यच हवी, अन्यथा स्पिंडलचे वागणे बदलते.

आपत्कालीन बटणाचे काम कुठल्याही सॉफ्टवेअरवर सोपवू नये. सेंडरमधले ‘होल्ड’ दाबले की मशीन थांबते, स्पिंडल फिरतच राहतो. लाल मशरूम बटण मोटारींचा आणि स्पिंडलचा पुरवठा थेट तोडणारे असावे, ते मशीनच्या पुढच्या बाजूला डाव्या हाताला सापडेल अशा जागी असावे, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तरी ते दाखवून ठेवलेले असावे. लॅपटॉपची झोप आणि आपोआप होणारे अपडेट जॉबपूर्वी बंद करावेत. स्पिंडल सुरू होताच यूएसबी तुटत असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी स्पिंडलच्या ड्राइव्हचे अर्थिंग तपासावे, त्याची तार धातूच्या जाळीचे आवरण असलेली घ्यावी आणि यूएसबीची तार आखूड करून तिच्यापासून लांब न्यावी. शंभरातल्या नव्याण्णव वेळा दोष तिथेच सापडतो, असे मी स्वानुभवाने म्हणेन.

सगळे जुळले, मशीनने पहिला चौकोन बरोबर काटकोनात कापला, की त्याच दिवशी $$ ची यादी फाइलमध्ये साठवावी, तिची एक छापील प्रत काढावी, त्यावर तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहावी आणि ती कंट्रोल बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून टाकावी. बोर्ड जळाला, तर नवा आणून हे आकडे भरायला दहा मिनिटे लागतात.